आजोबांची फौजदारी कामगिरी

सोमवार, ता. १ एप्रिल १९५७. गुढीपाडवा. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

पनवेलच्या खोलीच्या दारात बसून कडुनिंबाचा पाला चावत आहे. आजपासून रोजनिशी. आजपासूनच सरकारने नवे पैसे सुरू केले. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू होणे हा निव्वळ योगायोग नसावा.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी ऱ्हस्व-दीर्घात सवलत घेणार नाही.

काल वडिलांबरोबर उलव्याला मुलगी पाहिली. नाव मालू. तिचे वडील धर्मराजशेठ मोकल यांचे स्वतःचे मिठाचे आगर आहे. मुलगी आगरातूनच आली, पावलांना मीठ तसेच. चहा ठेवून मला विचारले, तुमाला पोहता येतं काय? मी पोहण्याचे फायदे सांगितले. ती हसली. रात्रभर तेच हसणे डोळ्यांपुढे. प्रभाव पडला हे नक्की.

निघताना धर्मराजशेठनी वडिलांना बाजूला घेतले. म्हणाले, शिवादादा, पोरगा बरा हाय, गिरणीत हिशेब लिवतो, सगलं बरं हाय. पण तुमच्या बापाचं नाव काढलं की तुमच्या गव्हाणची म्हातारी मानसं जेल म्हनतात आनि हसतात. काय भानगड हाय ती साफ करा, मग अक्षय्य तृतीयेला सुपारी फोडू. मी पुढे होऊन म्हणालो, सरकारी कागद आणून दाखवतो. वडिलांनी माझा सदरा मागून ओढला. जुना सदरा, शिवण उसवली.

संकल्प: महिन्याभरात आजोबांचा खटला शोधून काढणे. नखे न चावणे. इतरांचे शुद्धलेखन न सुधारणे.

मंगळवार, ता. २ एप्रिल.

विचार केला. माणूस तुरुंगात दोन कारणांनी जातो, चोरी किंवा देश. चोराच्या घरात काहीतरी असते. आमच्या घरात काहीही नाही. म्हणजे देश. म्हातारी माणसे हसतात ती अभिमानाने.

दोन नखे गेली.

शुक्रवार, ता. ५ एप्रिल.

भातगिरणीचे मालक झकेरियाशेठ यांच्याकडून दोन तासांची रजा घेऊन मामलेदार कचेरीत गेलो. रेकॉर्डकीपर सभ्य गृहस्थ आहेत, पण कल्पनाशक्ती कमी. आजोबांचा खटला पाहिजे म्हणालो. त्यांनी विचारले, साल कोणते? म्हणालो, ते आपल्याकडे असेलच. म्हणाले, आमच्याकडे सगळीच साले आहेत, तुमचे कोणते? शोधाची फी दर सालाला आठ आणे. गुन्हा कोणता लिहू? मी म्हणालो, देशभक्ती. ते म्हणाले, असे कलम नाही.

अंदाजाने चार सालांची फी भरली. चारही सालांत आजोबा नाहीत. दोन रुपये गेले. पण या चार सालांत आजोबांनी कोणताही गुन्हा केला नव्हता, हे सरकारदरबारी सिद्ध झाले. हेही काही कमी नाही.

रविवार, ता. ७ एप्रिल. गव्हाण.

सालाची चौकशी करण्यासाठी गावी आलो. अर्धी वाट एसटीने, अर्धी खारातून पायी. वहाणेचा अंगठा तुटला.

सगळा गाव बांधावर होता. पावसाळ्याआधी खारबांधाला चिखलमाती घालावी लागते, नाहीतर उधाणाचे पाणी भातशेतीत शिरते. गावकीचा नियम असा की घरटी एक माणूस पाळीने आलाच पाहिजे. ज्याला जमत नाही त्याने बदली माणूस द्यायचा आणि बदलीला भात द्यायचे. यंदा आमच्या घरची पाळी माझी होती. मी बदली दिला. हिशेबनिसाच्या बोटांना माती लागली तर आकडे बिघडतात. वडील मातीची पाटी खाली न ठेवता म्हणाले, तुजा बदली सकाली भात घेऊन गेला तो आजून दिसला नाय. तो येईस्तवर मीच टाकतो माती.

साल त्यांना विचारले. म्हणाले, जगन्या, नको उकरू रे. मोठी माणसे आपल्या घराण्याविषयी बोलत नाहीत, हा अनुभव आला.

हौसाआत्या मात्र बोलली. ती वडिलांची थोरली बहीण, बाजेवर बसून करंदी निवडत होती. म्हणाली, तुजा आजा आनि जेलात? त्याचे पाय त्या बाजूला कदी वललेच नाय. मी टिपून घेतले, स्वतःच्या पायांनी गेले नाहीत, पोलिसांनी उचलून नेले. मग म्हणाली, उधान येऊन बांध फुटला त्या साली आजा दोन म्हैने खारघरला आमच्या आयच्या म्हायेरी व्हता. दिसाचा बाहेर निगायचा नाय. भाताच्या कनगीमागं बसून ऱ्हायचा, जेवन तितंच. आयच्या पोटात तवा मी व्हते.

भूमिगत! एवढी मोठी गोष्ट आणि आत्या करंदीची डोकी मोडत सांगते.

आत्याचे वय अठ्ठावन्न. म्हणजे सन १८९९. पुढे ती काहीतरी सांगतच होती, पण मला एसटी गाठायची होती.

गुरुवार, ता. ११ एप्रिल. दुपारी ३ वाजता, गिरणीत.

सापडले!

१८९९ ची सूची मोडीत आहे. मोडी मला वाचता येते. अक्षरे ओळखीची वाटतात, फक्त शब्द लागत नाहीत. म्हणून रेकॉर्डकीपरांनी वाचून दाखवले: आरोपी हाशा वल्द पोशा घरत, राहणार गव्हाण, बिनपरवाना मीठ काढणे.

मीठ! दांडीच्या एकतीस वर्षे आधी! अख्ख्या हिंदुस्थानात ही गोष्ट आज फक्त दोन माणसांना माहीत आहे, आणि त्यातला एक पान खात होता.

ते म्हणाले, ही नुसती सूची आहे, निकाल नव्हे. यात आरोपी म्हणून पहिल्यांदा ज्याला उभे केले त्याचे नाव असते. पुढे काय झाले ते निकालात. नक्कल घ्या, मग काय ते ठरवा. नक्कल बाळबोध लिपीत करून मिळते, वीस दिवस लागतात. ठरवायचे काही उरलेच नव्हते, तरी अर्ज केला. फ्रेम करायला बरी.

शुक्रवार, ता. १२ एप्रिल.

झकेरियाशेठना सांगितले. भाताचा दाणा दाताखाली फोडून पाहत म्हणाले, माशाल्ला, मुन्शीजी! मगर एक बात सांगा, तुमचे दादाजान ते मीठ लोकांना वाटत होते, की विकत होते? व्यापारी माणसाला असेच प्रश्न सुचतात.

धर्मराजशेठना पत्र टाकले की सर्व साफ झाले आहे, तृतीयेला सुपारी फोडण्याआधी आजोबांच्या तसबिरीचे अनावरण व निकालाचे जाहीर वाचन होईल. दोन्ही गावच्या मंडळींना बोलवावे.

मंगळवार, ता. १६ एप्रिल.

तसबीर करायला दिली. पेंटर बाजारात ट्रकवर नावे रंगवतो, पण हात चांगला आहे. आजोबांचा फोटो नाही म्हणताच तो अडला. मी म्हणालो, रक्त एकच आहे, मला समोर बसवा, वर लाल पागोटे आणि खाली मिशी वाढवा. तीन तास हनुवटी वर करून बसलो. त्याने विचारले, नाक तुमचेच ठेवू की थोडे शूर करू? तेच ठेवले. खाली अक्षरे: मीठवीर कै. हाशा पोशा घरत. वेलांट्या स्वतः तपासल्या.

झाल्यावर पाहिले आणि भरून आले. आजोबा हुबेहूब.

शनिवार, ता. २० एप्रिल.

धर्मराजशेठचे उत्तर आले. मंडळी येतील, शंभर माणसांचे जेवण त्यांच्याकडे. पत्र आठ ओळींचे, त्यात चुका अकरा. दौतभर लाल शाई आणून सर्व सुधारल्या आणि पत्र त्यांच्याकडे परत पाठवले, पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून. हा संकल्पभंग नव्हे. संकल्प इतरांच्या बाबतीत होता, सासरे आपले.

शनिवार, ता. २७ एप्रिल.

आत्याकडून निरोप. सुधारलेले पत्र पाहून मालू म्हणाली म्हणे, मास्तर पायजे व्हता तर मी शालंत नसते गेले? मुलीला शिक्षणाची ओढ आहे. लग्नानंतर रोज दहा ओळी शुद्धलेखन घालीन.

रविवार, ता. २८ एप्रिल.

वडील मुद्दाम पनवेलला आले. बांगड्याचे सुके आणि कैऱ्या आणल्या. बराच वेळ तसबिरीसमोर बसले. मग म्हणाले, हे तर तूच हायेस. मी म्हणालो, रक्त. ते म्हणाले, जगन्या, पोरगी चांगली हाय. धर्मराज बी चांगला. सुपारी फोडू, गूळ वाटू, आज्याचं नाव मदी नको. विचारतील तर सांगू, जुनी गोष्ट, आमाला ठावं नाय. मी म्हणालो, घरताच्या घरात आता कोणी तोंड लपवणार नाही. वडील न जेवता गेले. विनय हा एक प्रकारचा आजारच आहे.

बुधवार, ता. १ मे.

नक्कल मिळाली. चार पाने, लाल मोहोर. रेकॉर्डकीपर म्हणाले, घरी एकदा वाचून घ्या. मी म्हणालो, मंडळींसमोरच उघडणार. आधी वाचले तर आवाजात भावना येत नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि पुन्हा म्हणाले, तरी वाचाच. सरकारी नोकरीत माणूस भावनेला पारखा होतो.

गुरुवार, ता. २ मे. अक्षय्य तृतीया. सकाळी ७.

तसबीर गोणपाटात बांधली. चंदनी हार घेतला. पांढरा सदरा, शिवण घातलेला. नखे शिल्लक: डाव्या करंगळीचे एक. निघतो.

शनिवार, ता. ४ मे.

काल लिहिले नाही. वेळ नव्हता. (वेळ होता.)

घडले ते असे. उलव्याला मांडवात दोन्ही गावची मंडळी. समोर धर्मराजशेठ, शेजारी त्यांच्या आजी गोदूआजी, वय नव्वदीला टेकलेले, कान तिखट. मालू दाराआड. मी गोणपाट सोडला. आजोबांना पाहून मंडळी आधी तसबिरीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा तसबिरीकडे बघू लागली. हार घातला. मोहोर फोडून वाचू लागलो.

पहिले पान उत्तम गेले. गावकीने आरोपी म्हणून हाशा पोशा यास हजर केले, त्याने मीठ आपले असल्याचे कबूल केले, जामिनावर सोडले. टाळ्या. दुसऱ्या पानावर, पुढील तारखेस आरोपी गैरहजर. तपासात घरी मिळाला नाही. मला वाटले, भूमिगत. आवाज चढवला.

तिसऱ्या पानावर असे होते की त्यानंतर नामा धर्मा मोकल हा स्वतः कोर्टात येऊन उभा राहिला. म्हणाला, मीठ माझे. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते म्हणून गावकीने बांधाच्या पाळीसारखा बदली देण्याचे ठरवले. हाशाने माझ्याऐवजी तुरुंगात जाण्याचे तीन मण भात आगाऊ घेतले आणि तारखेच्या आदल्या दिवशी भातासह नाहीसा झाला. सबब नामा यास दोन महिने सक्तमजुरी. हाशा सापडत नसल्याने त्याच्यापुरते प्रकरण बंद.

मी मध्येच थांबायला हवे होते, असे आत्या म्हणते. पण जोडाक्षरे कठीण होती, आणि एकदा वाक्य हाती घेतले की मी पूर्णविरामापर्यंत सोडत नाही. अर्थ माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मांडवातल्या शेवटच्या माणसाचेही हसून झाले होते. वडील सोडून. वडील आपल्या वहाणा शोधत होते.

धर्मराजशेठही हसले नाहीत. सावकाश म्हणाले, नामा माजा आजा. तेच्या मागं त्या म्हैन्यात ह्या आजीचं बालंतपन झालं, ते पोर म्हंजे माजा बाप. लहानपनी आयकलं व्हतं, कोनीतरी गव्हानकर भात खाऊन पलाला. नाव आज कललं. तुमीच सांगितलंत, ते बी सरकारी कागद घेऊन.

गोदूआजी म्हणाली, मला नाव ठावं व्हतं. पन पोराला कशाला बोला, त्यानं काय खाल्लं? आता त्यानंच गावभर वाचलं, तर वाचलं.

मी तसबीर गोणपाटात घालू लागलो. धर्मराजशेठनी माझा हात धरला. म्हणाले, ऱ्हाऊ द्या. मीठवीर लिवलंय ना? जेलात आमचा आजा गेला. तसबीर तेचीच. खालचं नाव तेवडं बदलून द्या. शंभर माणसे हो म्हणाली. सुपारी फुटली नाही. जेवण मात्र चांगले होते असे जेवलेले सांगतात.

गुरुवार, ता. ९ मे.

पेंटरला उलव्याला पाठवले. आता अक्षरे: मीठवीर कै. नामा धर्मा मोकल. वेलांट्या त्याने काय केल्या देव जाणे. पैसे माझ्याकडूनच घेतले.

रविवार, ता. १२ मे. गव्हाण.

सर्व संपलेले नाही!

आत्या उलव्याला जाऊन आली. मालू म्हणाली म्हणे, आज्यानं खाल्लेलं भात नातू सोताच्या पाठीवरनं घेऊन येतो काय बगते. आला तर मला चालंल. पोहायला मी शिकवीन.

हे वाक्य सात वेळा लिहून पाहिले. पोहायला मी शिकवीन.

वडील प्रथमच माझ्याकडे नीट बघत बोलले. म्हणाले, तीन मन भात. गाडीतनं ने, पन वेशीपासनं धर्मराजच्या वट्यापर्यंत एकेक गोन पाठीवर तूच न्यायची. सोता. बदली नाय द्यायचा, जगन्या. मी छातीवर हात ठेवून वचन दिले. पुढच्या रविवारी, ता. १९.

शुक्रवार, ता. १७ मे.

शेठनी तीन मण भात उधार दिले. म्हणाले, मुन्शीजी, हे काम उमदा आहे, खुदा कसम. घराण्याचे नाव राहील. पाठीवर गोण घेऊन गिरणीत दोन येरझाऱ्या घातल्या. तिसरीला कमरेत काहीतरी वाजले. फार नाही.

रविवार, ता. १९ मे. सकाळी ५.

गाडी भरून दाराशी उभी आहे. कमर दुखते. थोडा ताप असावा. हाताला लागत नाही, पण आतून जाणवतो. उलव्यात शंभर माणसे ओट्यावर बसलेली असणार. त्या सर्वांनी ती तसबीर पाहिली आहे आणि मी चालत जाणार तोच चेहरा घेऊन. मालू दारात. पाय घसरला तर?

सकाळी ६. शांतपणे विचार केला. भात पोचणे महत्त्वाचे. कोणी पोचवले हे गौण. एक माणूस मिळाला आहे, माझ्याच अंगाचा, लांबून मीच वाटेल. मजुरी आणि गाडीभाडे आगाऊ मागितले. दिले. चेहऱ्यावरून भरवशाचा वाटला.

सकाळी ६ वाजून २० मिनिटे. ताप उतरला.

मंगळवार, ता. २१ मे.

भात उलव्याला पोचलेले नाही. माणूस, गाडी, गोणी, काहीच नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत मालू ओट्यावर बसून होती असे आत्या म्हणाली, आणि मग माझ्याशी बोलणे बंद केले. आत्याने. मालूने तर कधी सुरूच केले नव्हते.

शुक्रवार, ता. २४ मे.

भाताच्या चोरीची फिर्याद द्यायला कचेरीत गेलो. रेकॉर्डकीपर दारातच भेटले. सर्व हकिकत ऐकून घेतली. विचारले, बदली माणसाचे नाव? ते विचारायचे राहून गेले होते. म्हणाले, असू द्या, तुमचे नाव तर येईल रजिस्टरात. नक्कल लागली तर नातवाला पाठवा.

रविवार, ता. २६ मे.

मालूची सुपारी काल फुटली. मुलगा मोरा बंदराचा, मचवा चालवतो. पोहता येत असणारच. सुपारी तसबिरीसमोर ठेवून फोडली, आधी मालूने तसबिरीला फूल वाहिले आणि खाली वाकून नमस्कार केला. पागोटे, मिशी, आणि खाली मी. पेंटरने नाक शूर केले असते तर निदान ओळखू आलो नसतो.

हिशेब बंद करतो.

खर्च: शोध फी, पाच साले, रु. २.५०. नक्कल व स्टॅम्प ३.२५. तसबीर फ्रेमसह २२.००. तसबिरीवरील नाव बदलणे १.५०. चंदनी हार १.२५. लाल शाई सहा आणे, म्हणजे ०.३७. एसटी २.१३. बदली माणूस व गाडी, आगाऊ, ५.००. फिर्यादीचा स्टॅम्प ०.५०. एकूण रु. ३८ व ५० नवे पैसे.

देणे: झकेरियाशेठ यांस भात तीन मण. धर्मराजशेठ यांस भात तीन मण, सन १८९९ पासून. व्याज नको म्हणाले, मी समोर दिसलो नाही तर. गव्हाण गावकीस बांधाची पाळी एक, कारण पहिला बदली शेवटपर्यंत आलाच नाही. वडिलांचा निरोप आहे की या रविवारी सोता ये.

कमर अजून दुखते. बदली मिळतो का विचारून ठेवले आहे.